नववीच्या वर्गात फँटसी कादंबरी : ‘ती शूर आहे’ आणि ‘उपमा अलंकार’ यांच्या पुढे कसं जायचं?

परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीला मराठी शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी वाचनाच्या तासाला एक अनुवादित किशोर कादंबरी घेतली आहे. समुद्रकाठचं मिठागरांचं गाव, तिथे काकाने वाढवलेली चौदा वर्षांची मुलगी, नाव वल्हवणारा तिचा मित्र, एक म्हातारा दीपस्तंभवाला, आणि दिलेला शब्द मोडणाऱ्याची सावली काढून घेणारी राणी. मुलं गोष्ट जीव लावून ऐकतात, मधल्या सुट्टीत पुढची पानं मागायला येतात. पण ‘पात्राचा अभ्यास करा’ म्हटलं की वहीत ‘ती शूर आहे, प्रामाणिक आहे, प्रेमळ आहे’ एवढंच येतं. ‘अलंकार शोधा’ म्हटलं की ‘सारखा, जसा, जणू’ या शब्दांखाली रेघा ओढून मुलं मोकळी होतात. आता पुढे कसं न्यायचं, हा त्यांचा प्रश्न. शिवाय मुख्याध्यापक विचारतात की आपल्या पोरांना हे परदेशी जादूटोण्याचं कशाला.

ताई, लातूर-अंबाजोगाईच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं आठवी ते दहावीला मराठी शिकवतो आहे आणि फँटसी कादंबऱ्या वर्गात अनेकदा घेतल्या आहेत. तुमच्या लिहिण्यावरून असं दिसतं की पात्रं एका तासाला आणि अलंकार दुसऱ्या तासाला, अशी विभागणी तुम्ही केली आहे. खरी अडचण मला तिथे वाटते. दोन्ही तासांना मुलं एकच काम करत आहेत: चिठ्ठी चिकटवायचं. माणसाला ‘शूर’ ही चिठ्ठी, वाक्याला ‘उपमा’ ही चिठ्ठी. चिठ्ठी चिकटली की काम संपलं असं त्यांना वाटतं, आणि आपण गुणही तेवढ्यालाच देतो. कादंबरीत प्रतिमा अशी सुटी कुठे पडलेली नसते. ती कुणाला तरी सुचलेली असते. कुणाला सुचली आणि त्याला तेच का सुचलं, हे विचारायला लागलं की पात्र आणि अलंकार हे दोन तास एक होतात. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. प्रती किती आहेत? पाच-सहाच असतील तर घरी वाचायला देण्याचा मार्ग बंद, तुम्हालाच मोठ्याने वाचावं लागेल आणि निवडक परिच्छेद फळ्यावर लिहावे लागतील. त्याने काही बिघडत नाही, उलट मुलांचे कान तयार होतात. निवेदन कोण करतं? तुम्ही दिलेल्या वाक्यांवरून मुलगी स्वतःच गोष्ट सांगते आहे. ही मोठी सोय आहे, कारण प्रत्येक उपमा तिचीच ठरते. तृतीयपुरुषी निवेदन असतं तर आधी ‘हे निवेदकाला वाटलं की पात्राला?’ हा एक जादा प्रश्न लागला असता. तिसरी गोष्ट परीक्षेची. दहावीच्या दृष्टीने ‘अलंकार ओळखा’ हा सराव लागणारच. तो वेगळा ठेवा, पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांवर घ्या. कादंबरी त्या सरावाच्या दावणीला बांधू नका.

आधी पात्रं घेऊ. मुलं विशेषणं लिहितात, कारण आपण प्रश्नच तसा विचारतो. ‘स्वभाववैशिष्ट्ये लिहा’ म्हटल्यावर दुसरं काय येणार? मी विशेषणावर बंदी घालत नाही. मी त्याच्यापुढे ‘पण’ लिहायला लावतो. ‘ती शूर आहे, पण…’ आणि वाक्य पुरं करायचं ते कादंबरीतल्या प्रसंगाने, दुसऱ्या विशेषणाने नाही. ‘ती शूर आहे, पण थोडी भित्रीही आहे’ हे चालणार नाही. ‘ती राणीसमोर मान वर करून उभी राहते, पण आईचं काय झालं हे काकाला विचारायचं धाडस तिला शेवटपर्यंत होत नाही’ असं वाक्य हवं. तुमच्या कादंबरीत नेमकं असं काही आहे की नाही ते तुम्ही बघा, मी फक्त वाक्याची घडण दाखवतो आहे. असं एक वाक्य लिहायला मुलाला निदान दोन प्रसंग आठवावे लागतात आणि ते एकमेकांसमोर धरावे लागतात. पात्राचा अभ्यास म्हणजे बहुतांशी एवढंच.

काही पात्रांना ‘पण’ सापडणार नाही. मुलं म्हणतील, सर, या पहारेकऱ्याला काही ‘पण’ नाही. बरोबर आहे, आणि हेही उत्तरच आहे. इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत पात्रांचे ‘सपाट’ आणि ‘गोल’ असे दोन प्रकार सांगितले. त्यांची कसोटी सोपी आहे: जे पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं ते गोल. जे कधीच चकित करत नाही ते सपाट. चकित तर करतं, पण पटत नाही, ते गोल असल्याचा आव आणणारं सपाट पात्र. ही तिसरी शक्यता मुलांना फार आवडते, कारण मालिकांमध्ये ती रोज दिसते. पण सपाट म्हणजे वाईट, असं त्यांच्या डोक्यात बसू देऊ नका. फँटसीत सगळं जगच नवं असतं. रस्ते नवे, कायदे नवे, प्राणी नवे. अशा ठिकाणी वाट दाखवणारा, दार अडवणारा, निरोप आणणारा अशी काही माणसं ठरल्यासारखी वागली नाहीत, तर वाचणाऱ्याला धरायला काही उरत नाही.

इथे आणखी एक भेद उपयोगी पडतो: पात्राचं गोष्टीतलं काम वेगळं आणि तो माणूस वेगळा. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने 1928 साली रशियन परीकथा तपासून त्यांत 31 कार्यं आणि 7 भूमिका फिरून फिरून येतात असं दाखवलं. नायक, खलनायक, मदत करणारा, जादूची वस्तू देणारा, कामगिरीवर पाठवणारा, अशा भूमिका. वर्गात प्रॉपचं नाव घ्यायची गरज नाही. दोन रकाने पुरेत: ‘गोष्टीत याचं काम काय?’ आणि ‘हा कामाबाहेर कधी वागला?’ तुमच्या दीपस्तंभवाल्याचं काम उघड आहे, तो वाट दाखवतो. पण तुम्ही लिहिलं आहे की एका रात्री तो जाणूनबुजून दिवा लावत नाही. ताई, त्या पानावर पूर्ण तास थांबा. ज्याचं कामच उजेड देणं आहे तो अंधार का निवडतो? तिथे तो भूमिकेतून बाहेर येऊन माणूस होतो. मुलांनी त्याच्याबद्दल फक्त या रात्रीवर लिहिलं तरी पुष्कळ झालं.

बारीकसारीक कृतींकडे मुलांचं लक्ष आपल्यापेक्षा जास्त असतं, फक्त ते विचारात घेतलं जातं हे त्यांना कळायला हवं. एका वर्षी आम्ही दोन मित्रांच्या लांबच्या प्रवासाची एक फँटसी वाचत होतो. सोबत्याच्या पाठीवर सगळ्या शिदोरीची पिशवी. वर्गात एक मुलगा होता, वडील मोंढ्यात हमाली करणारे. तो स्वतःहून कधी बोलायचा नाही. सोबत्यावर चर्चा चालू असताना तो म्हणाला, “सर, ह्यानं पिशवी सबंध वाटेत एकदाच आपल्या मनानं खाली ठेवलीय.” आम्ही पानं उलटून पाहिली. बाकी सगळीकडे कुणीतरी ‘ठेव’ म्हणतं तेव्हाच तो ओझं उतरवतो. एकदाच स्वतःहून उतरवतो, नायक त्याच्याशी खोटं बोलतो तेव्हा. लेखकाने तिथे ‘त्याला वाईट वाटलं’ असं कुठेही लिहिलेलं नाही. पिशवी खाली ठेवली, एवढंच आहे. त्या मुलाला ओझ्याची भाषा घरातून येत होती. त्या दिवसापासून आमच्या वर्गात ‘पिशवी कुठे ठेवली?’ हा वाक्प्रचारच झाला. कुणी नुसतं विशेषण सांगितलं की बाकीची मुलं विचारायची, पिशवी कुठंय?

आता प्रतिमांकडे येतो. तुम्ही प्रश्नात कादंबरीतली दोन वाक्यं दिली आहेत आणि दोन्हींपुढे मुलांनी ‘उपमा’ लिहून सोडून दिलं, असं म्हटलं आहे. पहिलं सुरुवातीचं: “काकाचं गप्प राहणं आगरात साठवलेल्या पाण्यासारखं होतं, वरून निवांत.” दुसरं बरंच पुढचं, ती परत घरी येते तेव्हाचं: “काकाचं गप्प राहणं मला आता आगरातल्या मिठासारखं वाटलं.” ही दोन वाक्यं तुम्ही सहज उतरवली असतील, पण माझ्या मते सगळी कादंबरी यांच्यात आहे.

मुलांना उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते), साधर्म्य दाखवणारा शब्द आणि साधारण धर्म हे चार भाग माहीत असतात. त्यातला साधारण धर्म, म्हणजे दोघांत सारखं असलेलं काय, हा भाग आपण घाईत सोडतो. खरं काम तिथेच असतं. पहिल्या वाक्यात लेखिकेने तो दिला आहे: वरून निवांत. दुसऱ्या वाक्यात दिलेलाच नाही. मीठ आणि गप्प राहणं, सारखं काय? जुन्या व्याकरणात साधारण धर्म गाळलेल्या उपमेला लुप्तोपमा म्हणतात. नाव सांगा न सांगा, पण गाळलेली जागा मुलांकडून भरून घ्या.

ती भरायची तर मिठागर माहीत हवं, आणि परभणीच्या मुलाने समुद्रच पाहिलेला नसतो. त्याला एवढं सांगा: भरतीचं खारं पाणी उथळ वाफ्यांत घेतात, अडवतात, उन्हाने ते आटत जातं आणि खाली मीठ उरतं. मग विचारा, असं आटून मागे राहिलेलं तुम्ही कुठे पाहिलं आहे? उत्तर वर्गातूनच येईल. बोअरचं जड पाणी भरून ठेवतो त्या हंड्याच्या बुडाला आणि काठाला पांढरा थर बसतो. चिंच लावून घासला तरी पुरता निघत नाही. उन्हाळ्यात ज्यांच्या घरी टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी असतं, त्यांनी तो थर खरवडलेला असतो. इथवर आलं की दोन वाक्यं परत वाचा. आधी तिला काका पाण्यासारखा दिसला: शांत, आत काय चाललंय ते न कळणारा. परतल्यावर तिला तो मिठासारखा दिसतो: पाणी केव्हाच आटून गेलेलं, आणि जे उरलं ते घेऊन बसलेला माणूस. काकाने मधल्या काळात काहीच केलेलं नाही, तो आहे तिथेच आहे. बदलली ती बघणारी. जाण्याआधी तिला त्याच्या गप्प राहण्यात फक्त शांतपणा दिसत होता, आता त्यामागचं दुःख दिसतं. ‘प्रवासामुळे नायिका समजूतदार झाली’ हे वाक्य मुलं गाईडमधून उतरवतात. त्याचा पुरावा या दोन उपमांमध्ये पडलेला आहे.

याच रीतीने सबंध कादंबरीसाठी एक उपमानांची यादी करता येते. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक मोठ्या पात्राचं नाव लिहायचं आणि त्याने कशाची तुलना कशाशी केली एवढंच टिपत जायचं, प्रकरणाचा आकडा घालून. अलंकाराचं नाव नको. बहुतेक चांगल्या कादंबऱ्यांत दिसतं की माणूस आपल्या जगण्यातूनच उपमानं उचलतो. मिठागरातली मुलगी सुरुवातीला सगळ्याची तुलना मीठ, ऊन, फावडं, तळहाताच्या भेगा यांच्याशी करेल. नाव वल्हवणारा मित्र वारा आणि दोर यांच्या भाषेत बोलेल. मग एखाद्या प्रकरणात मुलीच्या तोंडी अचानक दोराची उपमा येते. तिथे थांबून विचारा, हिने ही कुणाची उचलली? मैत्री झाली हे लेखिका वेगळं सांगत नाही, ते इथे कळतं. प्रत्येक कादंबरीत इतकं नेटकं सापडेलच असं नाही. काही लेखक सगळ्यांना एकाच भाषेत बोलायला लावतात, आणि मग मुलांनी तसं लिहावं. ‘राणी आणि नावाडी एकसारखंच बोलतात, हे मला खटकलं’ हा नववीच्या मुलाचा अभिप्राय मला दहा विशेषणांपेक्षा मोलाचा वाटतो.

उपमान नेमकं का निवडलं हे कळत नसेल तर ते बदलून पाहायला सांगा. ‘मिठासारखं’ काढा, ‘दगडासारखं’ घाला. वाक्य चुकीचं होत नाही. काका आता कठोर झाला. ‘अंधारासारखं’ घाला, तो भीतिदायक झाला. ‘मिठासारखं’ परत आणा. मुलं स्वतः सांगतात काय गेलं होतं आणि काय परत आलं. दहा मिनिटांचा खेळ आहे, पण उपमा म्हणजे वाक्यावर चढवलेला दागिना, हा समज त्यातून सुटतो.

आता फँटसीची खास अडचण, जी इतर कादंबऱ्यांना नसते. ही नीट हाताळली नाही तर हुशार मुलंही चुकीचं उत्तर लिहितात आणि आपणही त्यावर बरोबरची खूण करतो.

काव्यशास्त्रात लक्षणेचं एक उदाहरण शतकानुशतकं दिलं जातं, ‘गंगायां घोषः’, म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती. प्रवाहावर वस्ती असूच शकत नाही, म्हणून मन शब्दशः अर्थ सोडतं आणि ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घेतं. शब्दशः अर्थाला आलेल्या या अडथळ्याला मुख्यार्थबाध म्हणतात. तुमच्या मुलांना हे परकं नाही. गंगाखेडकडची, नांदेडकडची, पैठणकडची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात आणि ‘आमचं शेत गंगेवर आहे’ असं सहज बोलतात. ऐकणारा कुणीही शेत पाण्यावर तरंगतं असं समजत नाही.

फँटसीत मात्र हा अडथळाच हमखास येईल असं नाही. त्या जगात वस्ती खरोखर प्रवाहावर तरंगत असू शकते. ‘तिची सावली रुसून मागे राहिली’ असं वाक्य पाठ्यपुस्तकातल्या कवितेत आलं, तर ती चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाला सजीवासारखं वागवणारा अलंकार. सावली रुसत नाही, हे आपल्याला माहीत असतं. तुमच्या कादंबरीत सावली काढून घेता येते, ती वेगळी चालू शकते. मग ती खरंच मागे राहिली असेल! तिथे ‘चेतनगुणोक्ती’ लिहिणं चूक आहे, ती घडलेली घटना आहे. उलटंही होतं. ‘राणीच्या नजरेने तो गोठला’ हे वाचून मूल समजतं की राणीने त्याचा बर्फ केला, आणि प्रत्यक्षात तो फक्त घाबरलेला असतो.

म्हणून फँटसी घेताना मी पहिल्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यात ‘या जगाचे कायदे’ लिहीत जातो. इथे काय घडू शकतं, काय घडू शकत नाही, कशाची काय किंमत मोजावी लागते. शब्द मोडला तर सावली जाते. सावली गेलेल्याला दीपस्तंभाच्या उजेडात उभं राहता येत नाही. असं जे जे कळेल ते. कोड्यात टाकणारं वाक्य आलं की आधी कायद्यांकडे बघायचं. हे इथे खरोखर घडू शकतं का? घडू शकत असेल तर घटना, नसेल तर प्रतिमा. आणि कधीकधी लेखिका मुद्दाम कळू देत नाही. तेव्हा ‘कळत नाही, आणि बहुतेक नायिकेलाही या क्षणी कळत नाही’ हे उत्तर मी पूर्ण गुणांचं धरतो.

घटना ठरली म्हणून अर्थ संपत नाही, हे पुढचं पाऊल. सावली खरंच काढून घेतली जाते, आणि तरीही आपण वाचताना शब्द मोडल्यावर माणसाचं काय होतं याचाच विचार करत असतो. दोन पातळ्या एकदम चालू असतात. मराठवाड्यातल्या मुलाला हे समजावायला परदेशी उदाहरण लागत नाही, पैठणच्या एकनाथांचं विंचवाचं भारूड आहे. सादर करणारा खरोखर विंचू चावल्यासारखा लोळतो, ओरडतो, लोक हसतात. तो विंचू काम-क्रोधाचा आहे हे त्याच वेळी सगळ्यांना माहीत असतं. विंचू खोटा ठरवून काम-क्रोध खरा, असं कुणी करत नाही. दोन्ही बरोबर ऐकायचे असतात. यात्रेत, सप्ताहात भारूड पाहिलेलं मूल वर्गात असतंच, त्यालाच समजावून सांगायला लावा.

एक सावधगिरी मात्र हवी. भारूड शेवटी स्वतःच उलगडून सांगतं: तमोगुण मागे सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. कशाचा अर्थ काय, हे तिथे ठरलेलं आहे. कादंबरी बहुतेक वेळा असं ठरवून देत नाही. ‘सावली म्हणजे काय? एका शब्दात उत्तर लिहा’ असं विचारलं की मुलं ‘अब्रू’, ‘सदसद्विवेक’, ‘आत्मा’ यांतला एक शब्द पाठ करतील आणि पुस्तक मिटलं जाईल. त्याऐवजी सावली करते काय, हे विचारा. उजेड असला तरच असते. आपल्याला न विचारता सोबत येते. आपली आपल्याला फारशी दिसत नाही, दुसऱ्याच्या चटकन लक्षात येते. वैशाखातल्या दुपारी पायाखाली जाते, संध्याकाळी आपल्यापेक्षा मोठी होते. एवढं फळ्यावर आलं की सावली गेलेल्या पात्राकडे परत जा. यातलं काय काय त्याने गमावलं? वेगवेगळी मुलं वेगवेगळं सांगतील. प्रसंगाचा आधार असेल तर सगळी उत्तरं घ्या.

अनुवादाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. अनुप्रास, यमक, श्लेष हे शब्दालंकार ध्वनीवर आणि शब्दावर उभे असतात. अनुवादात दिसणारा अनुप्रास अनुवादकाचा असतो, त्यावरून मूळ लेखिकेच्या शैलीबद्दल काही म्हणू नये. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा हे अर्थालंकार बरेचसे भाषा ओलांडून येतात, कारण त्यांत वस्तूशी वस्तू जोडलेली असते. म्हणून अनुवादित कादंबरीत मी अर्थालंकारांवरच भर देतो. ‘तोंडचं पाणी पळालं’ यासारखे वाक्प्रचार दिसले तर ते मराठीच्या स्वभावातले समजून पुढे जावं. त्यांत पात्राचं मन शोधू नये.

थोडक्यात पुन्हा सांगतो. विशेषणापुढे ‘पण’ आणि प्रसंग. काम आणि माणूस यांचे दोन रकाने. उपमा दिसली की कुणाला सुचली, हीच का सुचली, बदलली तर काय जातं. आणि फँटसी असल्यामुळे या सगळ्याआधी एकच तपासणी, हे त्या जगात खरंच घडलं का.

मुख्याध्यापकांच्या शंकेला माझं उत्तर इतिहासाचं आहे. अद्भुत कथा मराठवाड्याला बाहेरून आलेली नाही. ‘बृहत्कथा’ हा प्रचंड कथाग्रंथ रचणारा गुणाढ्य, परंपरेनुसार, प्रतिष्ठानच्या म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातला. मूळ ग्रंथ आज हाती नाही. पण 11 व्या शतकात काश्मिरात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला तो त्याच परंपरेवर, आणि मुलांना माहीत असलेल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी त्यातही आहेत. त्यातच गुणाढ्याची कथा येते. राजाने ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेतला म्हणून ग्रंथ नाकारला, तेव्हा गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकू लागला. प्राणी चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. राजा धावत आला तोवर 7 लाख श्लोकांपैकी 1 लाखच उरले होते. ही गोष्ट मुख्याध्यापकांना सांगा, आणि वर्गात तर अवश्य सांगा. बोलणारं प्रेत आणि पानं ऐकून रडणारी हरणं ज्या भागाच्या परंपरेत आहेत, तिथल्या मुलांना सावली काढून घेणारी राणी परकी वाटण्याचं कारण नाही.

राहिला प्रश्न गुणांचा, कारण मुलं शेवटी त्यावरूनच ठरवतात की आपण कशाला महत्त्व देतो. पाच गुणांच्या उत्तरात मी अलंकाराच्या नावाला एक गुण देतो, उपमेय-उपमान नीट दाखवल्याबद्दल एक, हेच उपमान का याला दोन, आणि त्यातून पात्राबद्दल काय कळलं याला एक. नाव चुकलं आणि बाकी सगळं बरोबर असलं तरी चार मिळतात. पहिल्या चाचणीनंतर वर्गात याची चर्चा होते आणि दुसऱ्या चाचणीत रेघा ओढणं कमी होतं. पात्राच्या उत्तरात प्रसंग नसलेल्या विशेषणाला गुण नाही, हे आधीच फळ्यावर लिहून ठेवा. ज्याला दोन ओळींच्या वर लिहिता येत नाही त्याला जवळ बोलावून तोंडी विचारा, आणि तो ‘लई’, ‘आखाड्यावर’, ‘तसंच हाय ते’ असं जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत त्याच्या वहीत लिहून द्या. ते प्रमाण मराठीत आणायचं काम पुढच्या आठवड्यात, त्याने स्वतः करायचं.